मोटारीच्या रंगावरील भोवरे

वस्तू वापरल्यानें झिजते, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे कीं, तिची शहानिशा करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाहीं. जोडा चालून झिजतो, जातें दळून झिजतें, पाटा वाटून झिजतो. तेव्हां मोटारही रस्त्यावर धांवून झिजत असली पाहिजे, असें आपण गृहीत धरतों. चाकें, यंत्र व गाद्या यांच्यापुरतें हें खरें आहे. परंतु रंगाची गोष्ट निराळी. मोटारीच्या रंगाचें जें तेज दोन-तीन वर्षांत मावळतें, तें बहुतांशीं रस्त्यावर मावळत नाहीं. मोटार दारांत स्वस्थ उभी असतांना, तिला पुसणाऱ्या हाताखालीं तें मावळतें. हें विधान प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. तथापि ज्या पुणें शहरांत मध्यम स्थितीच्या कुटुंबांतूनही आज मोटार आली आहे, आणि ती रोज सकाळीं पुसली गेली नाहीं तर घरांतील वडील माणसांस चुकल्याचुकल्यासारखें होतें, त्या शहरांतील वाचकांनीं या गोष्टीचा विचार करणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम दोष कोणता तें पाहूं. मोटार काळी, निळी किंवा गर्द तांबडी असेल, तर ती स्वच्छ धुवून उन्हांत उभी करावी, आणि बॉनेटवर सूर्याचें प्रतिबिंब पडतें त्याच्या आसपास थोडें तिरप्या नजरेनें पाहावें. त्या प्रतिबिंबास मध्यभागीं घेऊन कोळ्याच्या जाळ्याप्रमाणें बारीक वर्तुळाकार रेषा पसरलेल्या दिसतील. सावलींत त्यांचा मागमूसही नसतो; तेथें केवळ रंग थोडा फिका, थोडा राखट झाल्यासारखा वाटतो. मोटारी चमकविण्याचा धंदा करणारे कारागीर या रेषांस ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. आम्ही त्यांस भोवरे म्हणणार आहों.

पुसणारा हात गोल गोल फिरवतो म्हणून ओरखडे गोल उठतात, असें पुष्कळांस वाटतें. हात गोल फिरविणें चांगलें नव्हे, हें खरें. परंतु वर्तुळ दिसण्याचें कारण तेवढेंच नाहीं. प्रत्यक्षांत ते ओरखडे आंखूड असतात व चोहों दिशांस गेलेले असतात. त्यांपैकीं जे प्रकाशाच्या वाटेस आडवे पडतात, तेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परतवितात. बाकीचे अदृश्य राहतात. अशा आडव्या पडलेल्या तुकड्यांची मालिका प्रतिबिंबाभोंवतीं जुळून येते आणि वर्तुळाचा भास होतो. आपण दोन पावलें बाजूस सरलों कीं वर्तुळही आपल्याबरोबर सरतें. याचा पडताळा स्वयंपाकघरांतही घेतां येतो. पुष्कळ वर्षें घांसलेलें स्टीलचें ताट दिव्याखालीं धरलें असतां हाच चमत्कार दिसतो. तात्पर्य, भोवरा हा दृष्टीचा भास आहे, पण ओरखडा हा भास नाहीं. आणि फडकें गोल न फिरवितां सरळ फिरविलें, एवढ्यानेंच आपण या दोषांतून सुटत नाहीं.

हे ओरखडे नेमके कशावर उठतात, हें समजण्यासाठीं मोटारीच्या रंगाची थोडी हकीकत सांगणें जरूर आहे. फोर्ड कंपनीची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ मोटार १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगांतच मिळत असे. १९२४ च्या सुमारास ड्यू पाँ कंपनीचा ‘ड्यूको’ नांवाचा लवकर वाळणारा रंग जनरल मोटर्सच्या मोटारींवर आला आणि मोटारी रंगीबेरंगी झाल्या. आपल्याकडील जुन्या गॅरेजवाल्यांच्या तोंडीं ‘ड्यूको पेंट’ हा शब्द पुढें कित्येक वर्षें राहिला, तो त्याचाच वारसा. आपल्या वडिलांच्या काळच्या ॲम्बॅसडर व पद्मिनी या मोटारींना वरून खालपर्यंत एकच रंग असे. त्या घांसून चमकवावयास घेतल्या कीं फडक्यास मोटारीचा रंग लागे.

आजच्या मोटारीची रचना तशी नाहीं. पत्र्यावर प्रथम गंज रोखणारा थर, त्यावर अस्तराचा थर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांच्या वर एक पारदर्शक लेप असतो. रंगास खोली व चकाकी येते ती या पारदर्शक लेपामुळें; उन्हांतील अतिनील किरणांपासून रंगाचें रक्षणही तोच करतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. पत्र्यावरील सर्व थर एकत्र केले तरी ते सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन भरतात, आणि त्यांत पारदर्शक लेपाचा वांटा ४० ते ५० मायक्रॉनांचा असतो. मनुष्याच्या डोक्याचा एक केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या मोटारीसाठीं आपण लाखों रुपये मोजतों, तिचें सारें तेज केंसाहूनही पातळ अशा एका पडद्यावर अवलंबून आहे. भोवरे असतात ते या पडद्यावर. खालचा रंग बहुधा जसाच्या तसा असतो.

आतां या पडद्यावर आपण काय घांसतों तें पाहूं. पुण्याची भूमी काळ्या पत्थराची आहे. या पत्थरांतील मुख्य खनिजें पोलादी सुरीच्या पात्याइतकीं किंवा त्याहून थोडीं अधिक कठीण असतात, आणि त्याच्या पोकळ्यांतून सांपडणारी गारगोटी तर त्याहूनही कठीण. वाघोली व मोशी यांच्या बाजूस याच पत्थराच्या खाणी आहेत, आणि इमारतींच्या कामांत नदीच्या वाळूच्या जागीं आतां हाच पत्थर दळून केलेली वाळू पडते. उन्हाळ्यांत टेंकडीवरून येणारा वारा, शेजारीं चाललेलें बांधकाम, खणलेला रस्ता, या सर्वांची मिळून जी धूळ रात्रींतून मोटारीवर बसते, ती डोळ्यांस पिठासारखी मऊ दिसते. परंतु तिच्यांतील कण म्हणजे फुटलेल्या दगडाचे धारदार तुकडेच होत. आपला पारदर्शक लेप जातीनें प्लास्टिकासारखा. या कणांपुढें त्याचा निभाव लागत नाहीं. धुळीनें भरलेल्या बॉनेटवर कोरडें पिवळें फडकें ओढणें आणि कांचकागद ओढणें यांत फरक असेल तर तो फार थोडा आहे.

येथें एका विसंगतीकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. पिंपरीस टाटांचा कारखाना आहे. चाकणास मर्सिडीज-बेंझ व फोक्सवागन यांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांच्या रंगशाळेंत हवा गाळून आंत सोडतात. तेथील माणसें ज्याचा धागा सुटत नाहीं अशा कापडाचा पोशाख अंगावर चढविल्यावांचून आंत पाऊल टाकीत नाहींत. ओल्या रंगांत धुळीचा एक कण अडकूं नये एवढ्यासाठीं हा सर्व खटाटोप! आणि तीच मोटार आमच्या दारीं आली कीं, तेच कण आम्ही रोज सकाळीं प्रेमानें तिच्या अंगास चोळतों.

‘आम्ही’ म्हटलें खरें, परंतु पुण्यांत मोटार स्वतः पुसणारा मालक विरळा. हें काम पहाटे येणारा एक मनुष्य करतो, आणि भोवरे दिसूं लागले कीं दोषही त्याच्याच माथीं बसतो. आमच्या कुटुंबांतही हा प्रश्न उभा राहिला होता. आमच्या वडील बंधूंनीं गर्द निळ्या रंगाची मोटार घेतली. एकत्र कुटुंबांतील मोटार एकट्याची नसते. काकूंस डॉक्टरांकडे नेणें, मुलींस शिकवणीहून आणणें, गांवीं कुलदैवतास जाणें, हें सर्व तिच्यावरच. त्यामुळें तिच्या रूपाची काळजीही सर्वांसच. दीड वर्षांनंतर एके दिवशीं दुपारच्या उन्हांत बंधूंस बॉनेटवर जाळें दिसलें, आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांत विचारविनिमय झाला. बंधूंचें मत पडलें कीं, पुसणारा मनुष्य निष्काळजी आहे. या महिन्यापासून त्याला रजा द्यावी. पुतण्यानें कोठून तरी मोठ्या किंमतीच्या लेपाची चौकशी करून ठेवली होती. थोरल्या वहिनी मात्र म्हणाल्या, “त्याला आपण देतों काय आणि त्याच्याजवळ मागतों काय, तें आधीं पाहावें, मग त्याला काढावें.”

वहिनींचें म्हणणें रास्त वाटून आम्ही दोन-तीन दिवस पहाटे पांचास उठून सज्जांत बसलों. त्या अवधींत जें पाहिलें तें असें : मोटारी बावीस, बादली एक, फडकीं दोन. बादलींतील पाणी चौथ्या-पांचव्या मोटारीस गढूळ होई, परंतु तें बदलावयाचें तर आवाराच्या दुसऱ्या टोंकास असलेल्या नळावर जावें लागे. साडेसातांच्या आंत सर्व मोटारी पुसून झाल्या पाहिजेत, कारण त्यानंतर लोक कचेरीस निघतात. म्हणजे एका मोटारीच्या वांट्यास सहा-सात मिनिटें. आम्हीं त्यास विचारलें कीं, धूळ आधीं पाण्यानें कां काढीत नाहींस? तो म्हणाला, “साहेब, पाणी घालून धुवायची तर दिवसाला पांच मोटारी होतील. आणि रोज पुसलेली दिसली नाहीं तर लोक पैसे कापतात. कोणी असें म्हणत नाहीं कीं, आज पुसूं नकोस.”

या शेवटच्या वाक्यांत सर्व प्रश्नाचें उत्तर आहे, असें आमच्या ध्यानांत आलें. ओरखडे त्याच्या हातानें उठत होते, पण त्याच्या इच्छेनें उठत नव्हते. मोटार रोज चकचकीत दिसावी, हा आमचा आग्रह. तो पुरा करण्यासाठीं लागणारा वेळ, पाणी व फडकीं मात्र आम्ही त्याला देत नव्हतों. त्याच्या जागीं दुसरा आला असता तरी बादली एकच राहिली असती. वस्तुतः मोटारीवर बसून राहिलेली कोरडी धूळ रंगास कांहीं करीत नाहीं. धूळ आपण होऊन ओरखडा काढीत नाहीं. तिला हात लागतो तेव्हां ओरखडा उठतो. धुळीची मोटार चार दिवस तशीच उभी राहिली तर तिचें रूप बिघडेल, पण अंग बिघडणार नाहीं. रोज कोरडी पुसलेली मोटार रूपवान दिसेल, आणि तिचें अंग मात्र दिवसेंदिवस झिजत जाईल.

शेवटीं असें ठरलें कीं, त्या मनुष्यास काढूं नये. पगार आहे तोच द्यावा. आठवड्यांतून दोनच दिवस मोटार पाण्यानें नीट धुवावी, आणि बाकीच्या पांच दिवशीं तिला बोटही लावूं नये. दुसरी बादली व चांगलीं फडकीं आम्हीं दिलीं. प्रथम प्रथम बंधूंस हें फार जड गेलें. धुळीची मोटार घेऊन कचेरींत जाणें त्यांस कपड्यांस इस्त्री केल्यावांचून जाण्यासारखें वाटे, आणि शेजाऱ्यांनींही “तुमचा मनुष्य येत नाहीं कीं काय?” म्हणून एक-दोनदां विचारलें. परंतु पुढील वर्षभरांत नवीन भोवरे जवळजवळ उठले नाहींत, हें पाहून त्यांचें समाधान झालें. मोटार धुणाऱ्यासही ही रीत मानवली. आतां आवारांतील आणखी तीन कुटुंबांनीं ती स्वीकारली आहे.

धुण्याची रीत फारशी अवघड नाहीं. मोटार सावलींत, पत्रा थंड असतांना धुवावी. तापलेल्या पत्र्यावर पाणी लगेच वाळतें आणि कूपनलिकेच्या जड पाण्याचे तर पांढरे डाग राहतात. प्रथम नुसत्या पाण्यानें, हात न लावतां, सुटी धूळ वाहून जाऊं द्यावी. नंतर एका बादलींत मोटारीसाठीं मिळणारा सौम्य साबण व दुसरींत नुसतें पाणी घ्यावें. साबणाच्या पाण्यांत भिजविलेला मऊ हातमोजा हलक्या हातानें, सरळ रेषेंत, वरून खालीं फिरवावा; दर भाग झाला कीं तो दुसऱ्या बादलींत खळबळून काढावा, म्हणजे त्यांत अडकलेले कण तेथें तळास बसतील; मगच पुन्हां साबणांत बुडवावा. दोन बादल्यांचा सर्व महिमा एवढाच आहे. टप, कांचा, बॉनेट हे भाग आधीं, आणि चिखल उडतो ते दारांचे खालचे भाग शेवटीं. चाकांचें फडकें तर अगदीं वेगळें असावें. कपड्यांची किंवा भांड्यांची पावडर वापरूं नये, कारण ती रंगावरील मेणाचा थर धुवून नेते. शेवटीं स्वच्छ पाणी ओतून मायक्रोफायबरच्या जाड, मऊ टॉवेलानें पाणी टिपून घ्यावें, रगडूं नये. जें फडकें जमिनीवर पडलें, तें धुतल्यावांचून पुन्हां मोटारीस लावूं नये. ही फडकीं धुतांना इतर कपड्यांत मिसळूं नयेत, आणि त्यांस कपडे मऊ करण्याचा द्रवही घालूं नये. त्यानें त्यांची पाणी शोषण्याची शक्ति कमी होते.

यावर पाण्याचा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्तच आहे. खडकवासला व पानशेत येथील सांठ्यावर जगणाऱ्या शहरानें मोटारी धुण्यांत पाणी उधळणें शोभणार नाहीं. परंतु नासाडी होते ती मोकळी सोडलेल्या नळीनें. दहा मिनिटें नळी चालू राहिली तर शंभर लिटरांहून अधिक पाणी सहज जातें. बादली व झारी घेऊन मोटार त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यांत धुतां येते. टंचाईच्या दिवसांत याहूनही कमी पाण्यांत भागतें. एका बादलींत मिसळावयाचे असे कांहीं द्रव मिळतात कीं, जे धुळीच्या कणांभोंवतीं निसरडें आवरण घालून त्यांस पृष्ठभागापासून सोडवितात, आणि नंतर वरून पाणी ओतावें लागत नाहीं. तेवढेंही शक्य नसेल, तर सर्वांत स्वस्त उपाय आपल्या हातीं आहेच, आणि तो म्हणजे कांहीं न करणें.

आपल्या घरांतून होणारे आणखी कांहीं उपद्रव सांगितले पाहिजेत. पुष्कळ लोक मोटारीच्या रक्षणासाठीं तिच्यावर कापडी खोळ घालतात. मोटार नुकतीच धुतली असेल आणि जागा बंदिस्त असेल तर ठीक. पण धुळीच्या मोटारीवर खोळ घालून ती वाऱ्यांत उभी केली, तर रात्रभर खोळ हलत राहते आणि पुसणाऱ्याचें काम वाराच करतो. पक्ष्यांची शिट वाळलेली असेल तर ती नखानें किंवा फडक्यानें खरवडूं नये. ओलें फडकें दहा मिनिटें तिच्यावर ठेवावें व मग ती अलगद उचलावी. मात्र हें काम दुसऱ्या दिवसावर टाकूं नये, कारण शिट लेपास खाते. मुलांस बॉनेटवर बसूं देऊं नये. त्यांच्या विजारीच्या खिशावरील गुंड्याही पुरेशा आहेत.

दसऱ्याची गोष्टही यांतच येते. त्या दिवशीं वाहनाची पूजा व्हावी, यांत आम्हांस आनंदच आहे. परंतु पूजेपूर्वीं घाईघाईनें घरांतील प्रत्येक जण हातीं सांपडेल तें फडकें घेऊन मोटारीस भिडतो, आणि वर्षभर संभाळलेलें तेज एका सकाळींत जातें. आदल्या दिवशीं पाण्यानें नीट धुवून ठेवावें. स्वस्तिक व हळदकुंकू पत्र्याऐवजीं पुढील कांचेच्या कोपऱ्यांत रेखावें. कांच हा आघात सोसते, आणि कुंकवाचा डागही तिच्यावरून निघतो. बोटांत अंगठी असेल तर तेवढ्यापुरती काढावी. झेंडूची माळ बॉनेटवर लोळत ठेवून मोटार गांवभर फिरवूं नये. देवीस फूल पोहोंचतें; दोऱ्याची घासण पोहोंचण्याचें कारण नाहीं.

आतां जे भोवरे पूर्वींच उठले आहेत त्यांचें काय करावें? येथें एक तत्त्व नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. सुतार फळीवरील खांच रंध्यानें नाहींशी करतो, तेव्हां खांच भरून येत नाहीं. भोंवतालची फळी खांचेच्या तळापर्यंत खालीं येते. ओरखडा काढणें म्हणजे हेंच. पॉलिश करणारा लेपास कांहीं देत नाहीं. तो लेपांतून कांहीं घेतो. सौम्य पॉलिशानें एक-दोन मायक्रॉन जातात, कडक कंपाउंडानें त्याहून अधिक. मूळ भांडवल ४०-५० मायक्रॉनांचें, आणि तें पुन्हां भरून येत नाहीं. लेप फार पातळ झाला म्हणजे उन्हानें तो पांढुरका होतो, त्याचे पोपडे सुटतात, आणि मग पुन्हां रंग देण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. म्हणून दर दिवाळीस मोटार ‘रबिंग’ला देण्याची जी चाल आहे, ती आम्हांस वर्षासनाप्रमाणें बांधून घेतलेली झीज वाटते.

घांसण्याचें तारतम्य आपल्या घरांतील स्त्रियांस परंपरेनें ठाऊक आहे. लोखंडी तव्यास विटेचा तुकडा, पितळेच्या पातेल्यास चिंच व राख, आणि चांदीच्या निरांजनास मऊ भस्म; यांत अदलाबदल कोणी करीत नाहीं. निरांजनास वीट लावणारी सून अद्याप आम्हीं पाहिली नाहीं. मोटारीच्या बाबतींतही हाच न्याय लावावा. चांगला कारागीर प्रथम मोटार धुवून, चिकणमातीसारख्या गोळ्यानें पृष्ठभागांत रुतलेले कण काढून घेतो; लेपाची जाडी मोजण्याच्या उपकरणानें जागोजागचे थर तपासतो; कडांवर व रबरी पट्ट्यांवर चिकटपट्टी लावतो, कारण कडेवर लेप सर्वांत पातळ असतो. मग हातभर जागेवर सर्वांत मऊ गादी व सर्वांत सौम्य पॉलिश यांनीं प्रयोग करून पाहतो, आणि त्यानें भागलें नाहीं तरच एक पायरी चढतो. जो कारागीर मोटार पाहतांच कडक कंपाउंड हातीं घेतो, त्यास आपली मोटार देऊं नये.

यंत्रांतही भेद आहे. एकाच दिशेनें गरगर फिरणारें यंत्र काम झपाट्यानें करतें, परंतु तें एके जागीं क्षणभर अधिक थांबलें तर लेप तापून जळतो, आणि शिकाऊ हातांत तें स्वतःचेच नवे भोवरे उठवितें. दुसऱ्या प्रकारचें यंत्र फिरतां फिरतां डुलतें; त्यास वेळ लागतो, पण धोका पुष्कळच कमी. हातानें घांसून साऱ्या मोटारीचे भोवरे जात नाहींत. एखाद्या लहान जागेपुरता तो उपाय ठीक. आणि जो ओरखडा नख हळूच फिरविलें असतां नखास अडकतो, तो भोवरा नव्हेच. तो घांसून काढण्याच्या नादीं लागूं नये, कारण त्याच्या तळापर्यंत जातां जातां लेपच संपावयाचा.

व्यवहारांतील दोन गोष्टींची माहिती ग्राहकास असणें बरें. पहिली अशी कीं, कित्येक पॉलिशांत तेलें व मेणें असतात. तीं ओरखड्यांत भरून बसतात आणि मोटार दुकानांतून निघतांना आरशासारखी दिसते. दोन-चार वेळां धुतली कीं भरताड निघून जातें आणि जाळें पुन्हां उभें राहतें. म्हणून काम झाल्यावर एखादी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलानें पुसून, उन्हांत किंवा प्रखर दिव्याखालीं पाहावी. प्रामाणिक कारागीर यास नाहीं म्हणत नाहीं. दुसरी गोष्ट ‘सिरॅमिक कोटिंग’ नांवाच्या लेपाची. याच्या जाहिरातींत ‘९ एच’ काठिण्याचा गाजावाजा असतो. ऐकणाऱ्यास तें हिऱ्याच्या खालोखाल वाटतें. प्रत्यक्षांत ती चित्रकारांच्या पेन्सिलींची मोजणी आहे. एवढ्या क्रमांकाच्या पेन्सिलीनें ओरखडा उठला नाहीं, इतकाच तिचा अर्थ. गारगोटीचा कण पेन्सिलीपेक्षां फार कठीण असतो. हा लेप निरुपयोगी आहे असें नव्हे. त्यावर पाणी व मळ ठरत नाहींत, धुणें सोपें होतें, चकाकी टिकते. परंतु कोरड्या फडक्यापुढें तो चिलखत नव्हे. भोवऱ्यांवर उतारा म्हणतां येईल असें आवरण म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ती १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे मोटारीच्या मूळ रंगाहूनही जाड असते, आणि तिच्यावरील बारीक ओरखडे उन्हाच्या उबेनें मिटतात. पण तिची किंमत ऐकून सामान्य कुटुंबानें स्वस्थ बसावें हेंच उत्तम. दर तीन-चार महिन्यांनीं साधें मेण लावणें हा मध्यम मार्ग आम्हांस पुरेसा वाटला. मेणानें पृष्ठभाग निसरडा राहतो आणि धुतांना कण सहज सुटतात.

आमच्या घरच्या मोटारीपुरतें सांगावयाचें तर, सौम्य पॉलिशानें एकदांच काम करून घेतलें. सर्व भोवरे गेले नाहींत. दहांतील सात गेले असतील. राहिलेल्या तिनांसाठीं कडक कंपाउंड लावावें काय, असा प्रश्न कारागिरानें विचारला. बंधूंनीं क्षणभर विचार करून नको म्हणून सांगितलें. मोटार अजून दहा-बारा वर्षें वापरावयाची आहे, आणि लेप एकदांच मिळाला आहे, हें त्यांस पटलें होतें.

कसबा पेठेंतील तांबट आळींत पेशव्यांच्या काळापासून तांब्याचीं भांडीं घडविलीं जातात. तेथील मठारलेल्या हंड्यावर हातोडीचे शेंकडों ठोके असतात, आणि प्रत्येक ठोक्याच्या खोलगट जागेंतून प्रकाश निराळ्या दिशेस परततो. त्यामुळें अशा भांड्यावर उठलेला ओरखडा डोळ्यांत भरत नाहीं. आरशासारख्या पृष्ठभागास ही सवलत नसते. त्याची कीर्ति जितकी मोठी, तितका त्यावरील डाग ठळक. म्हणूनच काळ्या मोटारीवर भोवरे सर्वांत अधिक दिसतात, आणि पांढऱ्या किंवा रुपेरी मोटारीवर तितकेच असूनही दिसत नाहींत. ज्या घरांत मोटार उघड्यावर उभी राहणार आणि तिला दहा हात लागणार, त्या घरानें रंग निवडतांना ही गोष्ट लक्षांत ठेवावी. ज्यांनीं गर्द रंग घेतला आहे, त्यांनीं थोडे भोवरे सोसण्याची तयारीही ठेवावी. निर्दोष चकाकीच्या हव्यासापायीं वारंवार घांसून लेप संपविणें, हें शेवटीं त्या चकाकीच्याच मुळावर येतें.

मोटार धुणाऱ्या मनुष्यास आपण काय सांगावयाचें, तेंही आतां वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. ‘नीट पूस’ या सांगण्यास कांहीं अर्थ नाहीं. तो यथाशक्ति नीटच पुसत असतो. त्याला ‘रोज पुसूं नकोस’ असें सांगावें, तें सांगितल्याबद्दल त्याचे पैसे कापूं नयेत, आणि एक बादली जास्त द्यावी. धुळीच्या अंगास कोरडें फडकें लावावयाचें नाहीं, एवढा एक नियम ज्या कुटुंबांत पाळला जाईल, त्या कुटुंबास या लेखांतील बाकीचा सर्व भाग विसरला तरी चालेल.